बसून, उभ्याने, माडीवरून

१. फोन नवा, फोटो तसाच

“पन्नास मेगापिक्सलचा फोन घेतला, तरी फोटो पहिल्यासारखाच कसा येते?” नागपूर जिल्ह्यातल्या काटोल-नरखेडच्या पट्ट्यात हा प्रश्न घरोघरी विचारला जातो. पोळ्याला सजवलेली बैलजोडी डोळ्यांना केवढी देखणी दिसते, पण फोटोत ती गर्दीत हरवते. फळांनी वाकलेलं संत्र्याचं झाड फोटोत नुसतं हिरवं झुडूप होतं. मग दोष कॅमेऱ्याला दिला जातो आणि पुढच्या दिवाळीला आणखी महागडा फोन येतो.

फोन बदलला, पण फोटो काढायची जागा बदललेली नसते. आपण उभे राहतो, फोन डोळ्यांपुढे धरतो आणि बटण दाबतो. बैल असो, बाळ असो, भाजीचा वाफा असो की देवळाचं शिखर, सगळं जग आपण जमिनीपासून पाच फुटांवरूनच टिपतो. रशियातला छायाचित्रकार अलेक्झांडर रॉडचेंको याने १९२८ साली हीच तक्रार केली होती. त्या काळी बरेच कॅमेरे पोटाशी धरून वरून त्यात डोकवावं लागे. त्यामुळे सगळ्यांचे फोटो बेंबीच्या उंचीवरून निघत. बेंबी सोडून इतर कुठूनही बघा, असं त्याचं म्हणणं होतं. १९२५ साली त्याने मॉस्कोतल्या एका इमारतीच्या तळाशी उभं राहून, मान पूर्ण वर करून तिच्या गॅलऱ्या टिपल्या. शंभर वर्षं झाली, बेंबीची जागा डोळ्यांनी घेतली, पण सवय तीच राहिली.

‘अँगल चांगला घे’ असं आपण सहज म्हणतो, पण त्यात दोन वेगळ्या गोष्टी असतात. कॅमेरा कुठे आहे ही एक, आणि त्याचं तोंड कुठे आहे ही दुसरी. फोन उभ्यानेच धरून खाली झुकवला तर फक्त तोंड बदललं. गुडघ्यावर बसून फोन सरळ धरला तर जागा बदलली. हे दोन फोटो एकमेकांसारखे येत नाहीत. या प्रकरणात आधी जागेचं बोलू, कारण फोटोतलं बरंचसं तीच ठरवते.

२. क्षितिज कुठून जातं?

गवंडी भिंतींवर सारखी पातळी आखताना पारदर्शक नळीत पाणी भरतो. नळीचं एक टोक या भिंतीला आणि दुसरं त्या भिंतीला लावलं की दोन्हीकडे पाणी एकाच उंचीवर थांबतं. फोटोतली क्षितिजाची रेषा हेच काम करते. जमीन सपाट असेल, तर ती रेषा फोटोतल्या प्रत्येक वस्तूला कॅमेऱ्याच्या उंचीवर छेदते. वस्तू दहा फुटांवर असो की दोनशे फुटांवर, त्याने फरक पडत नाही. फोन थोडा वर-खाली झुकवला तरी नियम तोच राहतो.

उदाहरण घेऊ. काटोलच्या सपाट वावरात तुम्ही फोन पाच फुटांवर धरला आहे. समोर पंधरा फूट उंच संत्र्याचं झाड आहे. क्षितिज त्या झाडाला पाच फुटांवर, म्हणजे तळापासून एक तृतीयांश उंचीवर छेदेल. झाडाचे दोन भाग आभाळात जातील आणि एक भाग मातीत राहील. झाडाशेजारी पाच फुटांचा माणूस उभा असेल, तर रेषा बरोबर त्याच्या डोक्याला टेकेल. मागे शंभर फुटांवर दुसरा तेवढाच माणूस असेल, तर तो लहान दिसेल, पण रेषा त्याच्याही डोक्यालाच टेकेल.

आता पोळ्याची बैलजोडी घ्या. बैलाची पाठ जमिनीपासून साधारण चार फुटांवर असते. तुमचा फोन पाच फुटांवर म्हणजे रेषा पाठीच्या वरून जाते. त्यामुळे बैलाचं अख्खं अंग मागच्या गर्दीत, गाड्यांत आणि मातीत मिसळतं. झूल लाल असली तरी तिच्यामागे दहा जणांचे रंगीत सदरे असतात. आता एक गुडघा टेकून बसा आणि फोन दोन फुटांवर आणा. रेषा बैलाच्या पायांपर्यंत उतरते. पाठ, वशिंड, कपाळावरची मठाटी, शिंगांवरचं बेगड, सगळं रेषेच्या वर, मोकळ्या आभाळात येतं. बैल तोच आणि फोनही तोच, फक्त तीन फुटांनी खाली आला.

मागची गर्दी गेली कुठे? ती तिथेच आहे. माणसांची डोकी बैलापेक्षा लांब आहेत, म्हणून ती रेषेच्या वर थोडीशीच डोकावतात. बैल जवळ असल्यामुळे रेषेच्या वर खूप उंच जातो. कॅमेरा जेवढा खाली, तेवढा हा फरक वाढतो. म्हणून तोरणाखाली बैल उभे राहिले आणि झडत्या, म्हणजे पोळ्याची गाणी, सुरू झाल्या की उभ्या गर्दीच्या मागून हात उंचावून फोटो काढू नका. पुढे जा आणि बसा. बैलापासून दोन हात लांब, त्याच्या बाजूने बसा. पायांसमोर बसू नका.

एक साधी गोष्ट पुष्कळांच्या ध्यानात येत नाही. फोनची भिंगं त्याच्या वरच्या टोकाला असतात. जमिनीलगतचा फोटो हवा असेल तर फोन उलटा धरा. भिंग मातीपासून दोन बोटांवर येतं. वाफ्यातल्या पालेभाजीचा, पडलेल्या फुलांचा, मिरगात उगवून आलेल्या कपाशीच्या दोन पानांचा फोटो असाच काढावा. दोन इंचांचं रोप आभाळाला टेकलेलं दिसतं.

३. डोकं मोठं, पाय लहान

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी विदर्भात तान्हा पोळा असतो. लहान मुलं लाकडी बैल सजवून आणतात आणि घरोघरी बोजारा, म्हणजे खाऊ-पैसे, मागतात. त्या दिवशी गावात जेवढे फोटो निघतात, त्यांतल्या बहुतेकांत पोरगं बुटकं, डोकं मोठं, पाय काडीसारखे आणि लाकडी बैल खेळण्याहूनही लहान दिसतो. असं का होतं, याचं गणित सोपं आहे.

तुमचा फोन पाच फुटांवर आहे. मूल तीन फुटांचं आहे आणि तुमच्यापासून चार फुटांवर उभं आहे. फोनपासून त्याच्या डोक्यापर्यंतचं तिरपं अंतर साधारण साडेचार फूट भरतं. पायांपर्यंतचं अंतर मात्र जवळपास साडेसहा फूट. वस्तू जितकी जवळ तितकी फोटोत मोठी, हा कॅमेऱ्याचा एकच नियम. म्हणून डोकं पायांच्या मानाने सुमारे १.४ पट मोठं उमटतं. शिवाय वरून पाहिल्यामुळे उंचीही दबते.

आता खाली बसा आणि फोन दोन फुटांवर आणा. चार फुटांचं अंतर तेच ठेवा. डोक्यापर्यंतचं अंतर ४.१ फूट होतं आणि पायांपर्यंतचं ४.५ फूट. फरक जेमतेम आठ टक्क्यांचा. मूल फोटोत तीन फुटांचंच दिसतं, पण पूर्ण माणसासारखं, आपल्या मापात. त्याच्या हातातली दोरी, समोरचा बैल आणि त्याचा चेहरा एका पातळीत येतात.

आणखी मागे सरकलात तर हा फरकही जवळजवळ मिटतो. फोनचं नेहमीचं भिंग रुंद दृश्य घेणारं असतं. त्यामुळे चौकट भरायला आपण नकळत फार जवळ जातो. फोनला दुप्पट किंवा तिप्पट जवळ आणणारं वेगळं भिंग असेल तर ते लावा आणि पाच-सहा पावलं मागे जा. चेहऱ्याचा फोटो हातभर अंतरावरून काढला की नाक मोठं आणि कान मागे पळालेले दिसतात. त्याचं कारणही हेच. सेल्फीत आपण आपल्यालाच अनोळखी वाटतो, त्यात चेहऱ्याचा काही दोष नाही. दोष अंतराचा आहे.

४. मान वर करायच्या आधी

आता कॅमेऱ्याच्या तोंडाकडे वळू. उंच वस्तूसमोर उभं राहून फोन वर झुकवला की उभ्या रेषा एकमेकींकडे कलतात. देऊळ मागे पडतंय असं वाटतं. पाण्याची टाकी वर निमुळती होते. फोन सरळ उभा धरला, कुठेही झुकवला नाही, तर रेषा उभ्याच राहतात. मात्र मग माथा चौकटीत बसत नाही.

त्यासाठी एक अंदाज लक्षात ठेवा. फोन उभा आणि सरळ धरून नेहमीच्या भिंगाने फोटो घ्यायचा असेल, तर वस्तूच्या उंचीच्या साधारण दीडपट लांब उभे राहा. चाळीस फुटांच्या शिखरासाठी साठ फूट. तेवढी जागा नसेल तर समोरच्या घराच्या माडीवर जाण्याची परवानगी मागा. अर्ध्या उंचीवरून काढलेल्या फोटोत उभ्या रेषा सरळ राहतात आणि लोक अशी परवानगी आनंदाने देतात.

घुमटाची गोष्ट वेगळी. नागपूरच्या दीक्षाभूमीवरच्या स्तूपाची उंची सुमारे १२० फूट आहे आणि व्यासही जवळपास तेवढाच. तिथे लोक पायऱ्यांजवळून फोटो काढतात आणि स्तूप चपटा आला म्हणून हळहळतात. गोलाईच्या फार जवळ गेलं की घुमटाचा फुगवटाच त्याच्या माथ्याला झाकतो. कितीही मान वर केली तरी तो दिसणार नाही. इथे लांब जाणं हाच उपाय.

मुद्दाम खालून वर बघायचं असेल तर जरूर बघा. खालचा कोन माणसाला मोठेपण देतो, असं पुस्तकात सांगतात आणि निवडणुकीच्या फलकांवर ते रोज दिसतं. पण हा काही पक्का नियम नव्हे. १९४१ सालच्या ‘सिटिझन केन’ या चित्रपटात छायाचित्रकार ग्रेग टोलंड आणि दिग्दर्शक ऑर्सन वेल्स यांनी एका प्रसंगासाठी स्टुडिओची फरशी फोडून कॅमेरा खड्ड्यात बसवला. त्या प्रसंगात नायक निवडणूक हरलेला आहे. तो पडद्यावर डोंगराएवढा दिसतो आणि त्याच्या डोक्यावर छत दाबून बसलेलं असतं. त्या मोठेपणातून त्याचं एकटेपणच जाणवतं. कोनाला अर्थ येतो तो त्या क्षणी समोर जे घडतंय त्यातून.

५. वरून

वरून फोटो काढण्याची हौस जुनी आहे. फ्रान्सच्या नादार या छायाचित्रकाराने १८५८ साली बलूनमध्ये बसून पॅरिसजवळचं गाव टिपलं. आपल्याकडे गोपाळ बोधे यांनी हवाई छायाचित्रणात मोठं काम केलं. उद्धव ठाकरे यांनी हेलिकॉप्टरमधून टिपलेले गडकोट २०१० साली ‘महाराष्ट्र देशा’ या पुस्तकात आले आणि पुढच्या वर्षी ‘पहावा विठ्ठल’मध्ये पंढरीची वारी आली. पायथ्यावरून किल्ला म्हणजे नुसता डोंगर. तट कुठे वळतो, माची कशी पुढे झेपावते, हे वरूनच कळतं.

वरून बघितलं की उंची नाहीशी होते आणि मांडणी दिसते. म्हणून मांडणी हाच विषय असेल तेव्हाच वर जावं. संत्र्याची बाग त्याला अगदी योग्य. जुन्या पद्धतीत झाडं सहा बाय सहा मीटरवर लावतात, म्हणजे हेक्टरी २७७. जमिनीवरून ही आखणी दोन ओळींपलीकडे दिसत नाही. वरून मात्र हिरव्या ठिपक्यांची रांगोळी दिसते आणि डिंक्या रोगाने वाळलेलं झाड कुठे आहे, तेही क्षणात कळतं. असा फोटो शेतकऱ्याच्या कामाचाही असतो.

ड्रोन हवाच असं नाही. घराची गच्ची, विहिरीचा चौथरा, उभ्या ट्रॅक्टर-ट्रॉलीचा फाळका एवढी उंचीसुद्धा पुरते. संत्र्यांनी भरलेले क्रेट, वाळत घातलेल्या मिरच्या, पंगतीतली पानं यांचा फोटो फोन जमिनीला अगदी समांतर धरून, नेमका डोक्यावरून काढा. अर्धवट तिरका धरला तर मांडणीही बिघडते आणि उंचीही दिसत नाही. ड्रोन उडवणारच असाल तर २०२१ चे ड्रोन नियम वाचून घ्या. २५० ग्रॅमपर्यंतच्या छोट्या ड्रोनला चालक परवान्यातून सूट आहे, पण कुठे उडवायचं आणि कुठे नाही, हे सरकारी नकाशावर पाहावंच लागतं.

६. ऊन कुठून येतंय

कॅमेऱ्याचा कोन ठरवताना सूर्याचा कोन विसरता येत नाही. काटोल साधारण २१.३ अंश उत्तर अक्षांशावर आहे. मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात इथे भरदुपारी सूर्य अगदी डोक्यावर येतो. उभ्या काठीची सावली तिच्या पायाशीच गडप होते. त्या उन्हात माणसाचे डोळे काळ्या खोबणीत जातात. फोटो काढायचाच असेल तर झाडाच्या सावलीत या.

२१ डिसेंबरच्या सुमारास मात्र भरदुपारीसुद्धा सूर्य ४५ अंशांवरच असतो, म्हणजे पाच फुटांच्या माणसाची सावली पाच फुटांची. संत्र्याच्या आंबिया बहाराची तोडणी याच दिवसांत चालते. दुपारी तीननंतर बागेत जा आणि ऊन तुमच्या एका बाजूने येईल असे उभे राहा. संत्र्याच्या सालीवरचे तेलाचे बारीक ठिपके त्या आडव्या उन्हात एकेक दिसू लागतात. ऊन तुमच्या पाठीमागून असेल तर तेच फळ सपाट नारिंगी डाग दिसतं.

७. ढीग किती मोठा?

कोन बदलून खोटंही बोलता येतं. विकायला काढलेला प्लॉट, भाड्याची खोली आणि फळांचा ढीग यांचे फोटो पाहताना हे ध्यानात ठेवा. गुडघाभर ढिगाजवळ फोन जमिनीला टेकवून फोटो काढला की ढीग मागच्या झाडाएवढा दिसतो. खोलीच्या कोपऱ्यातून रुंद भिंगाने काढलेला फोटो दहा फुटांची खोली वीस फुटांची करून दाखवतो. फोटो खरा असतो, माप खोटं असतं.

यावरचा उपाय शास्त्रज्ञ रोज वापरतात. २२ मे २०१२ रोजी भरदुपारी काटोल परिसरात आकाशातून उल्का पडली. तिचे तुकडे गोळा केले गेले आणि उल्कांना पडल्या जागेचं नाव देण्याच्या पद्धतीप्रमाणे ‘काटोल’ हे नाव जगातल्या उल्कांच्या यादीत गेलं. अशा दगडाचा फोटो नुसता काढला तर तो मुठीएवढा आहे की बैलगाडीएवढा, हे कुणालाच सांगता येणार नाही. म्हणून अभ्यासक शेजारी एक सेंटिमीटरचा ठोकळा किंवा मोजपट्टी ठेवून मगच फोटो काढतात.

शेतकऱ्याने हीच सवय लावून घ्यावी. गारपिटीने फळं झडली तर निदान तीन फोटो काढा. पहिला बांधावरून, उभ्याने, फोन सरळ धरून, म्हणजे बाग ओळखू येईल अशी विहीर, शेड किंवा मोठं झाड त्यात दिसेल. दुसरा एका झाडाखाली बसून, म्हणजे फांद्यांवर काय उरलं आणि खाली किती पडलं, दोन्ही एका चौकटीत येईल. तिसरा नेमका वरून, फळावरचा मार दाखवणारा, शेजारी नाणं किंवा टेप ठेवून. फोनमधली तारीख आणि ठिकाणाची नोंद चालू ठेवा. झडलेली फळं गोळा करून रचू नका. रचलेला ढीग पाहणाऱ्याच्या मनात शंका आणतो.

८. ढिगाभोवती बसलेली माणसं

तोडणी झाली की झाडाखाली संत्र्यांचा ढीग पडतो आणि बाया त्याभोवती बसून फळ निवडतात. लहान, मोठं, डागी असं वेगळं करतात. नागपुरी संत्र्याला २०१४ साली भौगोलिक मानांकन मिळालं. त्या संत्र्याच्या बातमीसोबत आणि जाहिरातीत या बायांचे फोटो येतात. बहुतेक फोटोंत त्यांचा चेहरा नसतो. पदर, कपाळ आणि वाकलेली मान तेवढी दिसते. कारण फोटो काढणारा उभा असतो.

दुसऱ्या भागातला नियम इथे लावून बघा. बसलेल्या बाईचे डोळे जमिनीपासून साधारण अडीच फुटांवर असतात. तुमचा फोन पाच फुटांवर असेल तर तिचं अख्खं शरीर क्षितिजाच्या खाली, मातीच्या रंगात जातं. तुम्ही तिच्यासमोर मांडी घालून बसलात तर क्षितिज तिच्या डोळ्यांतून जातं. चेहरा दिसतो, फळ तोलणारा हात दिसतो आणि ढीग पुढे येऊन चौकटीचा खालचा भाग भरतो. मागे झाडांची रांग आणि तिच्यापलीकडे उजेड असतो. शिवाय बसलेल्या माणसाशी बसून बोललं की बोलणंही वेगळं होतं. पाच मिनिटांत ती फोनकडे बघणं सोडून कामाला लागते, आणि खरा फोटो तेव्हाच मिळतो.

अकोल्यात जन्मलेले छायाचित्रकार सुधारक ओलवे यांनी मुंबईच्या सफाई कामगारांमध्ये वर्षानुवर्षं जाऊन छायाचित्रं काढली. शहर ज्या कामाकडे नाक दाबून, वरून बघतं, त्या कामापाशी त्यांनी कॅमेरा नेला. २०१६ साली त्यांना पद्मश्री मिळाली. त्यांचं काम आवर्जून पाहा आणि पाहताना एकच विचारत राहा: हा फोटो काढताना कॅमेरा जमिनीपासून किती उंचीवर असेल? फोटोतलं क्षितिज त्याचं उत्तर देईल.

माझं मत स्पष्ट आहे. आपल्या भागातलं निम्मं काम बसून होतं. निंदण, वेचणी, निवड, भाकरी, बांगड्या भरणं, चपला शिवणं, बाजारातली विक्री, सगळं बसून. त्या कामाचे उभ्याने काढलेले फोटो काम करणाऱ्याला लहान करतात. तसं मनात नसलं तरी करतात. देवदर्शनाचे, लग्नाचे, पर्यटनाचे फोटो कसेही काढा. बसून होणाऱ्या कामाचे फोटो मात्र बसून काढा.

येत्या बाजाराच्या दिवशी एवढं करून पाहा. बसून विकणाऱ्यांचा फोटो काढण्याआधी त्यांना विचारा. एक फोटो उभ्याने काढा आणि एक त्यांच्यासमोर बसून. दोन्ही त्यांना दाखवा, त्यांना आवडेल तो ठेवा, आणि तो त्यांच्या किंवा त्यांच्या मुलांच्या फोनवर तिथल्या तिथे पाठवून द्या.